मुखपट्टीचा जाच आणि वर्गातील मूल

(नारायण पेठ, पुणे येथे भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या आरोग्य-शिक्षण उद्बोधन वर्गात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. राज्य शासनाने मुखपट्टीची सक्ती 2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, उठविली. त्यानंतर आपण सर्वांनी ती वस्तू कपाटाच्या तळाशी टाकून दिली आणि सुटकेचा श्वास घेतला. मग हा शिळा विषय आज का काढावयाचा, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु गेल्या दोन वर्षांत शाळाभेटीच्या वेळी शिक्षकांनी मला विचारलेल्या प्रश्नांत एक प्रश्न वारंवार येत राहिला आहे. वर्गात एखादे मूल खोकत असते. घरात कोणास क्षयरोग झालेला असतो. मळणीच्या दिवसांत भुसा उडून अर्धा वर्ग शिंकत असतो. शाळेस रंगसफेदी चाललेली असते. अशा वेळी मुलांस मुखपट्टी लावावी काय, आणि लावली तर ती किती वेळ राहू द्यावी? या प्रश्नाचा पूर्वार्ध वैद्यांचा आहे. उत्तरार्ध मात्र आपला, म्हणजे शिक्षकांचा आहे. कारण मुखपट्टी लावलेले मूल पाच-सहा तास आपल्या डोळ्यांपुढे बसलेले असते, डॉक्टरांपुढे नव्हे.

आपण भोर, जुन्नर, आंबेगाव, इंदापूर अशा दूरदूरच्या तालुक्यांतून आज नारायण पेठेत आला आहात. मी याच पेठेत राहतो. 2020 सालचा उन्हाळा मी येथील सज्जात बसून पाहिला. शहरातील पहिले रुग्ण 9 मार्च 2020 रोजी आढळले आणि त्यानंतर पंधरवड्याच्या आत लक्ष्मी रस्त्यावरील दुकानांच्या फळ्या खाली आल्या. केळकर रस्त्यावर दुपारी बारा वाजता एखादे कुत्रे आडवे पडलेले दिसावे, असे दृश्य या पेठेने क्वचितच पाहिले असेल. त्या वर्षी मानाच्या गणपतींची मिरवणूक निघाली नाही. केसरीवाड्यासह सर्व ठिकाणी विसर्जन जागच्या जागी झाले.

त्या दिवसांत आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एका वृद्ध बाईंनी मुखपट्ट्या शिवण्यास आरंभ केला. प्रथम त्यांनी सर्वांप्रमाणेच कानांत अडकवावयाच्या इलॅस्टिकच्या केल्या. आठ-दहा दिवसांतच गिऱ्हाइके परत येऊ लागली. कोणी म्हणे कान दुखतात, कोणी म्हणे चष्म्यावर वाफ धरते, कोणी म्हणे हनुवटीवर पुरळ उठले. बाईंनी कोणाशी वाद घातला नाही. त्यांनी इलॅस्टिक काढले, जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या फाडून त्यांचे बंद केले, आणि ते डोक्यामागे बांधावयास सांगितले. नाकाच्या जागी आत एक बारीक मऊ तार घातली. मला हे सर्व दिसत होते. मी त्यांच्याकडून दोन मुखपट्ट्या विकतही घेतल्या. पण त्यातून जे शिकावयास हवे होते ते मी शिकलो नाही, आणि त्याची किंमत एका मुलाने दिली.

ती हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. शाळेचे व गावाचे नाव मी घेत नाही, कारण दोष त्यांचा नसून माझा आहे.

राज्याच्या ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग 1 डिसेंबर 2021 पासून उघडण्यास शासनाने अनुमती दिली. तब्बल वीस महिन्यांनंतर लहान मुले शाळेत येत होती. त्या महिन्यात मी माझ्या बीटमधील शाळांना भेटी देत होतो. एका शाळेत चौथीचा वर्ग पाहिला. अठ्ठावीस मुले, प्रत्येकाच्या तोंडावर मुखपट्टी, एकाचीही नाकाखाली उतरलेली नाही. मी प्रसन्न झालो. बाईंचे कौतुक केले आणि शेरेबुकात लिहिले की, या वर्गाची शिस्त इतर शाळांनी अनुकरण करण्याजोगी आहे. चहा घेऊन निघण्याच्या बेतात असताना एक मुलगा हौदाशी पाणी पीत होता. पाणी पिण्यासाठी त्याने मुखपट्टी उतरविली होती. त्याच्या कानामागून शर्टाच्या कॉलरवर तांबडा डाग पडलेला मला दिसला.

जवळ बोलावून पाहिले. मुखपट्टी मोठ्या माणसाची होती. घट्ट बसावी म्हणून घरच्यांनी दोन्ही इलॅस्टिकांस गाठी मारल्या होत्या. त्या गाठी नेमक्या कानामागील हाडावर टेकत होत्या. तेथील कातडे सोलवटून निघाले होते, त्यावर खपली धरली होती, आणि ती खपली त्या दिवशी पुन्हा निघाली होती. मी विचारले, "बाळ, हे किती दिवसांपासून?" तो काही बोलेना. "बाईंना का सांगितले नाहीस?" तेव्हा हळूच म्हणाला, "साहेब, मला घरी नका धाडू."

मुखपट्टी काढील त्यास घरी जावे लागेल, असे वर्गात सांगितले गेले होते. तसे सांगण्यात बाईंचा हेतू वाईट नव्हता; वरून आलेल्या सूचनांचे पालन त्या करीत होत्या, आणि त्या सूचनांचे पालन होते की नाही हे पाहावयास मीच गेलो होतो. वीस महिने घरी बसून जे मूल शाळेसाठी झुरले, त्याला कानाच्या जखमेपेक्षा घरी परत जाण्याचे भय अधिक होते. त्याने आपली जखम केसांखाली लपविली आणि तो माझ्यापुढे ताठ बसला. मी ज्यास शिस्त म्हणून वाखाणले, त्यात त्या मुलाचे रक्त होते. शेरेबुकातील तो शेरा आजही तेथे आहे.

आरोग्यसेविकेने जखम धुऊन मलम लावले, आठवड्यात ती भरून आली. मोठा अनर्थ झाला नाही. परंतु परतीच्या वाटेवर मी स्वतःस विचारीत होतो की, आपण त्या वर्गात नेमके काय पाहिले? तोंडे झाकलेली पाहिली. मुले पाहिली नाहीत.

आता या जाचाचे स्वरूप जरा तपशिलाने पाहू. मुखपट्टी फार वेळ लावली की 'गुदमरते' असे माणसे म्हणतात. हा एकच शब्द चार-पाच निरनिराळ्या तक्रारींसाठी वापरला जातो, आणि त्यामुळे उपाय चुकतो. उष्णता, ओल, घर्षण, ताण आणि भीती या पाच गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. मुलाला त्या वेगळ्या करून सांगता येत नाहीत. ते काम शिक्षकाने करावयाचे असते.

प्रथम उष्णता व ओल. आपण जो श्वास बाहेर सोडतो तो शरीराच्या उष्णतेने तापलेला आणि वाफेने भरलेला असतो. एरव्ही तो हवेत मिसळून जातो. मुखपट्टीखाली त्यातील काही भाग गालांशी व वरच्या ओठाशी कोंडून राहतो. चेहऱ्याच्या त्वचेत संवेदना जाणणाऱ्या मज्जातंतूंची दाटी असते. म्हणून चेहरा तापला की सारे अंगच तापल्यासारखे वाटते. घाम येतो, पण कापडाखाली तो वाळत नाही. कापड ओले होते, ओल्या कापडातून हवा ओढण्यास अधिक जोर लागतो, आणि मग खरोखरच श्वासास कष्ट पडतात. येथे उपाय अगदी साधा आहे. ओली मुखपट्टी बदलावयाची. प्रत्येक मुलाजवळ एक नव्हे, दोन असाव्यात. दुसरी स्वच्छ कोरड्या पिशवीत असावी. पत्र्याच्या छपराखाली मार्च-एप्रिलमध्ये वर्ग भरत असेल तर मुलांस झाडाखाली आणावे. तेथे हवा खेळती असते, संसर्गाचे भय कमी होते, आणि अंतर ठेवून बसविल्यास काही वेळ तोंड मोकळेही ठेवता येते. भिंतींची शाळा हीच काय ती शाळा, असे आपण मानू लागलो ते अलीकडे.

दुसरे घर्षण. ओल आणि घासणे एकत्र आले की कातडे हुळहुळते, घामोळ्यासारखे पुरळ उठते, मोठ्या मुलांत मुरमे वाढतात. पुष्कळदा दोष मुखपट्टीचा नसून साबणाचा असतो. धुलाईची पावडर कापडात राहून जाते आणि ती ओलीबरोबर त्वचेस लागते. दोन-तीन पाण्यांतून खळबळून, उन्हात वाळवून ती वापरली म्हणजे निम्मी तक्रार मिटते. आतील थर मऊ सुती असावा. बाजारातील झगझगीत रेशमासारख्या कापडाच्या मुखपट्ट्या मुलांस आवडतात, पण त्या घाम शोषून घेत नाहीत.

तिसरा ताण. कानामागील कातडे पातळ असते. त्याखाली चरबीची गादी जवळजवळ नसते, लगेच हाड लागते. तेथे इलॅस्टिकची बारीक रेघ सहा तास ओढ देत राहिली तर काय होते ते मी सांगितलेच आहे. याच ओढीने कानशिले ठणकतात व डोके दुखते. डोकेदुखीस आणखी एक कारण होते, जे शिक्षकांत मी अधिक पाहिले. मुखपट्टी काढावयास नको म्हणून माणसे दिवसभर पाणीच पीत नसत. मुलांचेही तसेच. पाण्याची सुटी दिली नाही आणि मग मूल दुपारी मलूल झाले, तर मुखपट्टीस नावे ठेवण्यात अर्थ नाही. चष्मा लावणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी. त्याच्या नाकापाशी फट राहिली की उच्छ्वास वर जातो. भिंगे धुरकटतात, डोळे कोरडे पडून चुरचुरतात, फळ्यावरील अक्षर दिसत नाही. ते मूल चुकीचे उतरवून घेते आणि आपण त्यास निष्काळजी म्हणतो.

आता त्या मोठ्या भयाविषयी. आपलाच उच्छ्वास परत आत जाऊन विष होते, प्राणवायू कमी पडतो, अशी समजूत त्या काळी गावोगाव पसरली होती आणि आजही ती पूर्णपणे गेलेली नाही. साध्या कापडाच्या किंवा दवाखान्यात वापरतात तशा तीन पदरी मुखपट्टीने निरोगी माणसाच्या रक्तातील प्राणवायू धोकादायक प्रमाणात घटत नाही. कार्बन डायऑक्साइडचा रेणू एका नॅनोमीटरहूनही लहान असतो. करोनाचा विषाणू सुमारे 100 नॅनोमीटरचा, आणि तो ज्या थेंबांतून व तुषारांतून प्रवास करतो ते बहुधा त्याहूनही मोठे. कापडाच्या धाग्यांत थेंब अडकतात, वायू आरपार जातो. आशाताईंजवळचे ऑक्सिमीटर मागून घेऊन मी स्वतः पाहिले होते. मुखपट्टी लावण्यापूर्वी आकडा 98 होता. ती लावून गावातून तासभर फिरून आल्यावरही 98 होता. एका संशयी सरपंचांच्या बोटास लावल्यावरही फरक पडला नाही, तेव्हा चावडीवरील वाद मिटला. एन-95 जातीची घट्ट मुखपट्टी मात्र श्वासास अधिक अडथळा करते. ती रुग्णसेवा करणाऱ्यांसाठी व धुळीच्या कामासाठी आहे. वर्गातील लहान मुलांस ती दिवसभर लावण्याचे कारण नाही.

तथापि 'प्राणवायू कमी होत नाही' हे शास्त्रीय उत्तर देऊन आपण मुलाची तक्रार निकालात काढली, असे समजू नये. मी स्वतः हीच चूक केली आहे. जीव घाबरतो असे कोणी म्हणाले की मी रेणूंची मापे सांगत असे. आकडा 98 असला तरी मुलास कोंडल्यासारखे वाटत असते, आणि ते वाटणे खोटे नसते. तापलेला चेहरा, ओले कापड, श्वासास लागणारा थोडा अधिक जोर आणि मनातील भय यांची ती बेरीज असते. त्यास बाहेर न्यावे, मुखपट्टी उतरवावी, तोंड धुवावयास लावावे, पाच मिनिटे बसू द्यावे. एवढ्याने बहुतेक मुले पूर्ववत् होतात. ज्यास दमा आहे, ज्याची धाप थांबत नाही, बोलताना वाक्य पुरे होत नाही, किंवा ओठ निळसर दिसतात, अशा मुलाच्या बाबतीत मात्र वाट पाहू नये. त्यास ताबडतोब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

वयाचा विचारही स्पष्ट सांगतो, कारण याविषयी घोटाळा फार होता. पाच वर्षांच्या आतील मुलांस मुखपट्टी लावू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्येच सांगितले होते. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही जानेवारी 2022 मध्ये तसेच सांगितले. म्हणजे अंगणवाडीतील बालकांचा प्रश्नच उरत नाही. सहा ते अकरा या वयात मुलास ती नीट लावता व काढता येते काय, हे पाहून, मोठ्यांच्या देखरेखीखाली लावावयाची. आपल्या प्राथमिक शाळेचे जवळजवळ सारे विद्यार्थी याच वयाचे. खेळताना व धावताना ती कोणीच लावू नये. काही शाळांत त्या वेळी मुखपट्टी लावून कवायत घेतली गेली, हे मी पाहिले आहे. तेथे उभे राहून टाळ्या वाजविणाऱ्यांतही मी होतो.

आता आपल्या व्यवसायाशी निगडित अशी एक बाब, जिच्याविषयी वैद्यकीय पत्रकांत थोडे आणि वर्गात पुष्कळ सापडते. जून 2020 मध्ये ज्या मुलांची नावे पहिलीत घातली गेली, ती मुले डिसेंबर 2021 मध्ये प्रथम वर्गात बसली तेव्हा दुसरीत होती. त्यांनी शाळा कधी पाहिलीच नव्हती. त्यांना मुळाक्षरे शिकवावयाची होती, आणि शिकविणाऱ्याचे तोंड झाकलेले. प, फ, ब, भ, म हे आपले ओष्ठ्य वर्ण. ओठ मिटून उघडताना पाहिल्यावाचून लहान मुलास 'प' आणि 'फ' यांतील भेद पकडणे जड जाते. शिवाय कापडाने आवाजातील उंच ध्वनी अधिक बुजतात. 'स' आणि 'श' यांसारखे वर्ण ओळखावयाचे ते याच ध्वनींवरून. मागच्या बाकावर पोहोचते ती नुसती गुणगुण.

मग शिक्षक काय करतो? आवाज चढवितो. ओल्या कापडाआडून चार तास चढ्या आवाजात बोलल्यावर घसा बसतो. त्या हिवाळ्यात माझ्या बीटमधील कितीतरी शिक्षक-शिक्षिका हळद-मिठाच्या गुळण्या करीत होत्या आणि त्याचा दोष थंडीस देत होत्या. एका शिक्षिकेने यावर जो तोड काढला तो मला फार आवडला. त्या वर्गात बोलणेच कमी करीत. फळ्यावर अधिक लिहीत, टाळीने व हाताच्या खुणेने सूचना देत, आणि अक्षरओळखीचा तास अंगणातील कडुनिंबाखाली घेत. तेथे मुलांस दूर बसवून, स्वतः दहा पावलांवर उभ्या राहून, मुखपट्टी खाली करून त्या एकेक वर्ण ओठांनी दाखवीत. तो तास अर्ध्या घटकेचा असे. पण त्या वर्गातील एक मुलगी, जी बंद खोलीत प्रश्नास कधीच उत्तर देत नसे, ती झाडाखाली उत्तरे देऊ लागली. बाईंस शंका आली. तपासणीत मुलीस दोन्ही कानांनी कमी ऐकू येते असे निघाले. घरची मोकळी तोंडे पाहून ती आजवर निभावून नेत होती. मुखपट्टीने तिचा आधार काढून घेतला, आणि बाईंनी नीट पाहिले म्हणून तिला श्रवणयंत्र मिळाले.

येथे आपल्या शहराच्या जुन्या इतिहासातील एक गोष्ट आठवते. 1897 साली पुण्यात प्लेगने हाहाकार माजविला. त्याच साथीत रुग्णांची शुश्रूषा करीत असताना आपल्या आद्य शिक्षिका सावित्रीबाई फुले यांचे 10 मार्च 1897 रोजी निधन झाले. योगायोग असा की, शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जनाने तोंडास जाळीदार कापड बांधावे, अशी सूचना युरोपात ब्रेस्लाऊ येथील मिकुलिच या सर्जनाने त्याच वर्षी केली. पुढे 1910-11 मध्ये मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग पसरला तेव्हा डॉ. वू लिएन-तेह यांनी जाळीच्या कापडाची व कापसाची मुखपट्टी मोठ्या प्रमाणावर वापरात आणली. एका फ्रेंच डॉक्टरांनी ती लावण्याचे नाकारले आणि थोड्याच दिवसांत ते त्याच रोगाने दगावले. पुण्याच्या साथीत मात्र मुखपट्टीचा फारसा उपयोग झाला नसता. कारण गाठीचा प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे सिमाँ यांनी 1898 मध्ये दाखविले. रोग कोणत्या वाटेने येतो हे जाणल्यावाचून तोंड झाकण्यात हशील नाही, एवढे यातून आपण घ्यावे. अतिसारावर मुखपट्टी हा उपाय नव्हे. तेथे हात धुवावेत आणि पाणी उकळावे.

पण मला दुसरेच सांगावयाचे आहे. 1897 च्या पुण्यात उपाययोजना नव्हती असे नाही. ती होती, आणि तिच्यातील काही भाग रोगाच्या दृष्टीने आवश्यकही होता. परंतु रँड यांच्या प्लेग समितीने सोजिरांकरवी घरोघर झडत्या घेतल्या, देवघरे व माजघरे यांचा विचार केला नाही, लोकांचे गाऱ्हाणे ऐकले नाही. परिणामी लोक रोगी लपवू लागले. त्या संतापाचा शेवट 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर कसा झाला, ते आपण मुलांस इतिहासात शिकवितोच. माझी लहानशी गोष्ट त्या मोठ्या गोष्टीच्या शेजारी ठेवण्याचा उद्देश नाही. तरी त्या दिवशी हौदापाशी मला प्लेगच्या काळातील लपविलेल्या रोग्यांची आठवण झाली. चौथीतील मुलानेही आपली जखम लपविलीच होती.

या पेठेतून लकडी पुलाकडे जाताना दुचाकीवरील मुली आपण पाहता. करोनाच्या कितीतरी आधीपासून पुण्याच्या मुली धूळ आणि ऊन यांपासून बचाव म्हणून ओढणीने सारा चेहरा झाकून घेत आल्या आहेत. शेतात मळणी करणाऱ्या बाया पदराचे टोक नाकावर ओढून दाताखाली धरतात. स्थानकवासी जैन साधू-साध्वी अहिंसेच्या व्रतासाठी आयुष्यभर मुहपत्ती बांधतात. यांपैकी कोणी कुरकुर करताना दिसत नाही. याचे कारण केवळ सवय नव्हे. ओढणी आणि पदर मनास येईल तेव्हा सोडता येतात, आणि व्रत हे स्वतः स्वीकारलेले असते. वर्गातील मुलाजवळ यांपैकी एकही गोष्ट नसते. ज्याला ती काढण्याची मुभा आहे त्याला तीच मुखपट्टी निम्म्याने कमी जाचते, असा माझा अनुभव आहे. म्हणून यापुढे आपल्या शाळेत कोणत्याही कारणाने मुखपट्टी लावण्याची वेळ आली, तर पहिल्याच दिवशी मुलांस हे सांगावे की, "दुखले, खुपले, कोंडले तर हात वर कर, बाहेर जाऊन काढ, तुला कोणी रागावणार नाही, कोणी घरी पाठविणार नाही." आणि दररोज दोनदा, तास संपताना, कानांमागे व नाकावर नजर टाकावी. अठ्ठावीस मुलांस त्याला तीन मिनिटेही लागत नाहीत.

क्षयरोगाविषयी एक खुलासा करून थांबतो. ज्यास फुप्फुसाचा क्षय झाला आहे, त्याने सुरुवातीच्या उपचारकाळात इतरांत वावरताना तोंड झाकावे, हे योग्य. परंतु रुग्णाच्या घरातील निरोगी मुलास वर्गात एकट्यालाच मुखपट्टी लावून बसविणे हे अयोग्य. त्या मुलाची तपासणी आरोग्य केंद्रात करवून घ्यावी. तपासणीत काही निघाले नाही तर ते इतरांसारखेच मूल आहे. कापडाचा जाच एक वेळ सोसता येतो. वेगळे बसविल्याचा जाच त्या मुलास फार दिवस पुरतो.

माझ्या गल्लीतील त्या शिवणकाम करणाऱ्या बाई आज येथे आल्या आहेत. त्यांना व्यासपीठावर येऊन बोलण्याचा संकोच वाटतो, म्हणून त्यांनी बाहेरच्या ओसरीत मेजावर नमुने मांडून ठेवले आहेत. डोक्यामागे बांधावयाच्या बंदांची मुखपट्टी दोन मापांत आहे, एक सहा ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आणि दुसरी नऊ ते अकरा वर्षांच्या. बेतणीचे कागदही आहेत. कात्री, सुई व दोरा त्यांनी आणला आहे. जुने धुतलेले सुती कापड आपणांस आधीच आणावयास कळविले होते. चहा घेतल्यानंतर प्रत्येकाने एक तरी स्वतःच्या हाताने शिवावी, आणि पुढील सत्र सुरू होईपर्यंत, म्हणजे पाऊण तास, ती तोंडावर ठेवून पाहावी.